सौद्यातून उगवणारे हसू: गावात आलेल्या परक्यांचे नाटक बसवताना

इंदूरच्या एका हौशी नाट्यगटाच्या तरुण दिग्दर्शकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गटाने स्वतः लिहिलेले दोन अंकी विनोदी नाटक तालमीला घेतले आहे. पुण्याहून निवृत्त झालेले एक जोडपे इंदूरजवळच्या सांवेरच्या बाजूच्या एका काल्पनिक गावात जमीन घेऊन शेतघर बांधायला येते आणि त्यांच्या येण्याने गावात जे काही हलते, त्यावर नाटक उभे आहे. वाचनाच्या वेळी सगळे मनापासून हसले, परंतु उभ्या तालमी सुरू झाल्यापासून गावकरी बावळट आणि जोडपे पोरकट दिसू लागले आहे. गावकऱ्यांनी मालवी, म्हणजे इंदूरच्या भोवतालच्या मालवा प्रदेशाची बोली, बोलावी की मराठी, हे ठरत नाही, आणि शेवटचा प्रवेश भाषणाकडे झुकतो. हे सगळे नटांकडून सुधारून घ्यावे की संहितेत हात घालावा, असे त्यांनी विचारले आहे.

संहितेत हात घालावा लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे. नट चुकत नाहीत. त्यांच्या हातात जे दिले आहे, तेच ते प्रामाणिकपणे मोठे करून दाखवत आहेत. पाठवलेल्या पहिल्या अंकात जोडप्याला गाईची भीती वाटते, चुलीचा धूर सहन होत नाही आणि गावकऱ्यांना त्यांच्या योगासनांचे नवल वाटते. या प्रसंगांवर वाचनात हसू येते, कारण ऐकणाऱ्याला ते ओळखीचे असतात. रंगमंचावर मात्र ओळखीचे हसू पहिल्या दहा मिनिटांत संपते आणि त्यानंतर प्रेक्षक विचारू लागतो की या माणसांना एकमेकांकडून हवे तरी काय आहे. तुमच्या संहितेत जमिनीचा सौदा पहिल्या प्रवेशाच्या आधीच झालेला आहे. माझ्या दृष्टीने नाटकातला सर्वांत मोठा दोष हाच. तो सौदा प्रेक्षकांसमोर, हळूहळू, दोन्ही अंकांभर व्हायला हवा, आणि नाटकातले प्रत्येक हसू त्या सौद्यातून उगवायला हवे.

गावात परका येतो तेव्हा गावकरी त्याच्याकडे आ वासून बघत बसत नाही. तो हिशोब करतो. इंदूरच्या भोवतालच्या गावांतल्या शेतकऱ्याने गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत इतके बदल पाहिले आहेत की शहरातून आलेले एक जोडपे ही त्याच्या दृष्टीने नवलाची गोष्ट उरलेली नाही. सोयाबीन आले आणि पावसाळ्यात पडीक राहणारी काळी जमीन पिकाखाली आली. कूपनलिका खणल्या गेल्या, विहिरी आटल्या. पीथमपूरला कारखाने उभे राहिले, सिमरोलला आयआयटी आली, आणि ज्या शेतात लसूण-बटाटे होत होते तेथे वसाहतींच्या कमानी उभ्या राहिल्या. तुमच्या नाटकात जमीन विकणारे जे पटेल आहेत, तशा पटेलांचा नातू इंदुरातल्या भंवरकुआँला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि त्याच्या फोनवर आजूबाजूच्या प्रत्येक सौद्याचा दर असतो. तुमच्या नाटकातला गाव मात्र जोडपे येईपर्यंत झोपलेला आहे. झोपलेल्या गावावर कोणीही हसू शकतो, पण ते हसू वरून खाली पाहणाऱ्याचे असते. तुमच्या गटातल्या नटांना ते आतून बोचत असावे, म्हणूनच त्यांचे अंग मोकळे होत नाही.

या बाबतीत रशियन नाटककार चेखवचे ‘चेरी ऑर्चर्ड’ पुन्हा एकदा, दिग्दर्शकाच्या नजरेने, वाचा. 1904 च्या जानेवारीत मॉस्को आर्ट थिएटरने ते प्रथम केले तेव्हा दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीने त्यात शोकांतिका पाहिली, पण चेखवने शीर्षकाखाली चार अंकी विनोदी नाटक असेच लिहिले होते आणि तो त्यावर ठाम होता. तो ठाम का होता, हे कळण्यासाठी त्यातल्या पैशांकडे पाहावे लागते. त्यातल्या लोपाखिन या व्यापाऱ्याचे वडील आणि आजोबा त्याच मळ्यावर भूदास होते. आता तोच पहिल्या अंकात कर्जात बुडालेल्या मालकिणीला सांगतो की बाग तोडा, नदीकाठच्या जमिनीचे तुकडे पाडा, उन्हाळ्यात येणाऱ्या शहरी लोकांना घरांसाठी भाड्याने द्या, वर्षाला किमान पंचवीस हजार रूबल मिळतील. मालकीण आणि तिचा भाऊ यांना ती कल्पना असभ्य वाटते. नाटकभर तो तोच हिशोब पुन्हा पुन्हा सांगतो आणि ते दोघे दुसरेच काहीतरी बोलतात. हसू येते ते या न जुळणाऱ्या हिशोबामुळे, आणि काळीज हलते तेही त्याच कारणाने. शेवटच्या अंकात पीश्चिक नावाचा सदा कर्जबाजारी जमीनदार धावत येतो आणि सांगतो की इंग्रजांना त्याच्या जमिनीत पांढरी माती सापडली, त्याने ती चोवीस वर्षांच्या कराराने देऊन टाकली. ते इंग्रज रंगमंचावर येतही नाहीत. परका माणूस न दिसताही गावाचे नशीब कसे फिरवतो, याचे इतके नेमके विनोदी उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आता तुमच्या सौद्याकडे येतो. जोडपे पुण्याचे आहे, आणि संहिता लिहिणाऱ्याच्या डोक्यातला कायदाही महाराष्ट्राचाच आहे, हे दुसऱ्या पानावरच लक्षात येते. महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, त्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला मिळवण्याची धडपड तेथे विनोदाला पुरते. मध्य प्रदेशात बिगर-शेतकऱ्यालाही शेतजमीन घेता येते. तुमच्या नाटकातले ते दाखल्याचे संपूर्ण प्रकरण मालव्यात घडूच शकत नाही आणि इंदूरचा जाणता प्रेक्षक तेथेच नाटकावरचा विश्वास सोडून देईल. ‘तलाठी’, ‘सात-बारा’ आणि ‘गुंठा’ हे शब्दही काढा. इथे पटवारी असतो, खसरा असतो, बीघे असतात, पावती म्हणजे शेतकऱ्याची ऋणपुस्तिका असते, रजिस्ट्रीनंतर नामांतरण, म्हणजे आपल्याकडचा फेरफार, असते. मात्र एक करा: जोडप्याच्या तोंडी ‘सात-बारा’ आणि ‘गुंठे’ राहू द्या. ते ‘सात-बारा दाखवा’ म्हणतील आणि पटेल शांतपणे खसऱ्याची नक्कल पुढे करतील. दोघेही आपापल्या जागी पूर्ण बरोबर असताना जे हसू येते, ते टिकते.

दाखल्याच्या जागी मालव्यातली खरी अडचण घ्या, ती अधिक नाट्यपूर्ण आहे. एकाच खसरा क्रमांकाची जमीन भावाभावांत वाटली जाते, कागदावर त्याचे एक, दोन, तीन असे भाग पडतात, पण नकाशात त्या भागांच्या रेषा अनेकदा ओढलेल्याच नसतात. या रेषा ओढण्याला बटांकन म्हणतात. बटांकन झालेले नसले तर विकणारा म्हणतो की रस्त्याकडचा तुकडा माझा, त्याचा भाऊ म्हणतो की रस्त्याकडचा माझा, आणि विकत घेणाऱ्याने पैसे देऊन जे घेतले ते नेमके कोठे आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. सीमांकनासाठी पटवारी जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, घेऊन येतो, तो प्रवेश तुमच्या पहिल्या अंकाचा शेवट होऊ शकतो. सगळे गाव बांधावर जमलेले आहे, प्रत्येक जण साखळीचे टोक किंचित आपल्याकडे खेचतो आहे, जोडप्याने पुण्याहून आणलेल्या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यातले स्वयंपाकघर दर मोजणीला वेगळ्या भावाच्या शेतात जाते. येथे कोणीही मूर्ख नाही आणि तरीही प्रसंग हाताबाहेर जातो. नटांना करायला काम मिळते: साखळी आहे, खुंट्या आहेत, उन्ह आहे. विनोदी नटाला हातात काम द्या, त्याचा चेहरा आपोआप गंभीर होतो, आणि गंभीर चेहऱ्यानेच हा प्रवेश हसवेल.

भाषेबद्दल तुम्ही विचारले आहे, आणि या प्रश्नावर मी बराच विचार करत आलो आहे. गावकऱ्यांना मराठी ग्रामीण बोली देण्याचा मोह टाळा. देशावरची किंवा वऱ्हाडी बोली मालव्याच्या पटेलाच्या तोंडी घातली की तो मालव्याचाही राहत नाही आणि महाराष्ट्राचाही होत नाही. दिग्दर्शक हबीब तन्वीर यांचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. ‘नाचा’ या लोकनाट्यातल्या छत्तीसगढी कलावंतांकडून ते आधी हिंदीत काम करून घेत होते. त्यांना त्यांची बोली बोलू दिल्यावर आणि रंगमंचावर त्यांच्या पद्धतीने वावरू दिल्यावरच ते नट फुलले. 1973 मध्ये रायपूरच्या कार्यशाळेतून ‘गाँव के नाम ससुराल, मोर नाम दामाद’ आणि पुढे 1975 मध्ये ‘चरणदास चोर’ ही नाटके उभी राहिली, आणि छत्तीसगढी न कळणाऱ्या प्रेक्षकांनीही ती डोक्यावर घेतली. तुमच्या प्रेक्षकाला तर मालवी कळते. इंदूरच्या मराठी घरात दूध, भाजी, धुणीभांडी, रिक्षा हे सगळे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या मालवी आणि हिंदीतच चालले आहेत. तेव्हा गावकरी आपसात मालवी बोलोत, जोडप्याशी हिंदी बोलोत, जोडपे आपसात मराठी बोलो. फक्त मालवी संवाद लहान ठेवा आणि ते मालवी घरात वाढलेल्या माणसाकडून लिहून घ्या. ‘कंई’ आणि ‘म्हारो’ पेरून मालवी होत नाही. तिची स्वतःची लय आहे, आणि ती खोटी पडली तर गावातून आलेला एकही प्रेक्षक माफ करणार नाही.

या तिन्ही भाषांच्या मांडणीतच तुमच्या नाटकाचा सर्वांत चांगला विनोद दडलेला आहे आणि संहितेत तो अजून सापडलेला नाही. पुण्याचे जोडपे भावाची घासाघीस पटेलांच्या समोर बसून मराठीत करते, कारण त्यांना वाटते की पटेलांना मराठी कळत नाही. पटेल तरुणपणी वर्षानुवर्षे इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांत दूध घालत होते. त्यांना सगळे कळते. ‘पंचेचाळीसपर्यंत जाऊ, पण आधी तीस म्हण’ हे वाक्य त्यांनी ऐकलेले आहे आणि ते चहाचा कप खाली ठेवून शांतपणे पंचेचाळीसच मागतात. हे प्रेक्षकाला जोडप्याच्या आधी कळले पाहिजे. पहिल्याच प्रवेशात, जोडपे येण्यापूर्वी, पटेलांच्या तोंडी दूध घालण्याच्या दिवसांचा एक ओझरता उल्लेख टाका, आणि त्यानंतर दुसऱ्या अंकाच्या मध्यापर्यंत त्यांच्या तोंडून मराठीचा एक शब्दही येऊ देऊ नका. नटाने मराठी कळल्याची कोणतीही खूण चेहऱ्यावर दाखवता कामा नये. भुवई उंचावणे, प्रेक्षकांकडे सूचक पाहणे, सारे बंद. प्रेक्षकाला माहीत आहे, तेवढे पुरे. मग रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी पटेल एकच वाक्य स्वच्छ मराठीत बोलतात. ते वाक्य टोमणा असू नये. जोडप्यातल्या बाईंनी आजारी मुलीबद्दल नवऱ्याशी मराठीत जे बोललेले असते, त्याची चौकशी त्यांनी करावी. प्रेक्षागृहात आधी मोठा हशा होईल आणि लगेच शांतता पसरेल. ही दोन्ही एकाच वाक्यातून मिळणे विनोदी नाटकात क्वचित घडते.

दलालाचे पात्र तुम्ही खलनायक केले आहे. ते बदलण्याची मी आग्रहाने विनंती करतो. त्याला इंदुरात जन्मलेला मराठी माणूस करा, ज्याचे घराणे होळकरांच्या चाकरीत मालव्यात आले. 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले आणि कारकून, शिलेदार, पुजारी, वैद्य अशी मराठी घरे येथे वाढली. पुण्याच्या जोडप्याला तो आपला वाटतो कारण तो मराठी बोलतो. गावाला तो आपला वाटतो कारण तो पिढ्यान्‌पिढ्या येथलाच आहे. आणि दोन्हीकडून दलाली घेताना दोघांनाही तो परकाच वाटतो. तुमच्या प्रेक्षकांपैकी बहुसंख्य लोक नेमके या जागी उभे आहेत. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी आपल्या मराठीला हसलेले त्यांनी सोसलेले आहे आणि मालव्याच्या गावात ‘मराठी साहेब’ म्हणून थोडे लांब ठेवले जाणेही त्यांना ठाऊक आहे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या नाटकांत ही जागा कधीच नसते, कारण ती लिहिणाऱ्यांना ती माहीतच नसते. इंदूरच्या सानंद या मराठी संस्थेच्या प्रयोगांना वर्षानुवर्षे जाणारा प्रेक्षक तुमच्याकडे आला तर तो याच एका पात्रासाठी नाटक लक्षात ठेवील, असा माझा विश्वास आहे. दलालाची मराठी मुद्दाम इंदुरी ठेवा, हिंदीच्या वळणाची, आणि ती विनोदासाठी वाकवू नका.

परक्याला परका कोण ठरवतो, हा रशियन लेखक गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’चा विषय आहे, 1836 मधले ते नाटक पु. ल. देशपांड्यांनी ‘अंमलदार’ म्हणून मराठीत आणले. त्यातला खानावळीतला प्रवेश तुमच्या नटांकडून तालमीत एकदा वाचून घ्या. गावचा मुख्य अधिकारी आतल्या माणसाला तपासनीस समजून घाबरत आत येतो, आणि आतला कफल्लक तरुण बिल थकल्यामुळे हा आपल्याला तुरुंगात टाकायला आला असे समजून घाबरतो. दोघेही भीतीने बोलतात आणि दोघांनाही समोरचा बलाढ्य वाटतो. तुमच्या जोडप्याची आणि पटेलांची पहिली भेट याच तत्त्वावर बसवा: जोडप्याला फसवले जाण्याची भीती आहे, पटेलांना शेजाऱ्याने आधी सौदा करून टाकण्याची.

आता ज्या बदलाने नाटकाला खरा दुसरा अंक मिळेल, तो सांगतो. पटेलांच्या घरात तुम्ही मुलगे, सुना आणि नातू दाखवले आहेत, पण लग्न होऊन गेलेल्या बहिणींचा कोठेही पत्ता नाही. 2005 मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्यामुळे आता अशी जमीन विकायची म्हणजे बहिणींच्या सह्या लागतात, आणि ज्या बहिणीला वर्षानुवर्षे राखीपलीकडे कोणी विचारले नाही तिच्या दारात भाऊ हात जोडून उभे राहतात. पुण्याच्या जोडप्याने जमीन मागितली आणि त्यामुळे पटेलांची थोरली बहीण माहेरी आली, हा तुमच्या दुसऱ्या अंकाचा आरंभ असू द्या. घरात दाल-बाफल्यांचा बेत होतो, तिच्यासाठी नवी खाट ओसरीवर येते, भावजया पाय चेपायला धावतात, आणि सहीचा विषय कोणी काढत नाही. ती सगळे समजून आहे. ती दोन दिवसांसाठी आलेली असते आणि राहत जाते. तिला पैसा हवा आहे का, मान हवा आहे का, की विहिरीजवळचा तो चिंचेखालचा तुकडा हवा आहे, हे तिने नाटक संपत येईपर्यंत सांगू नये.

या भूमिकेला तुमच्या गटातली सर्वांत समर्थ अभिनेत्री द्या. गावातली माणसे गावातच जन्मली म्हणून ती आतली आणि पुण्याची माणसे बाहेरची, अशी जी सोपी विभागणी तुम्ही केली आहे, ती या बाईच्या प्रवेशाने मोडते, कारण ज्या घरात ती जन्मली तेथेच तिला पाहुणी म्हणून वागवले गेले आहे. पुण्याच्या बाईंची आणि तिची ओसरीवरची भेट हा नाटकाचा गाभा होईल. एकीला मराठी आणि मोडकी हिंदी येते, दुसरीला मालवी. दोघींनीही लग्नानंतर घर सोडले आहे. त्या प्रवेशात सौद्याबद्दल एक शब्दही बोलू नये आणि तरी सौदा तेथेच ठरावा. लिहायला कठीण प्रवेश आहे, पण तो लिहिण्यासाठी जितके दिवस लागतील तितके द्या. पहिल्या अंकातले गाईचे आणि योगासनांचे प्रसंग काढून टाकल्यावर तुमच्याकडे त्यासाठी पुरेसा वेळ शिल्लक राहील.

पाण्याचा प्रवेश मात्र जपा, तो संहितेतला सर्वांत जिवंत भाग आहे. गावातला जाणकार तळहातावर नारळ ठेवून शेतात चालतो, तो उभा राहतो तेथे पाणी असे तो सांगतो, आणि निवृत्त अभियंता आपल्या उपकरणाचा आकडा वाचत विरुद्ध दिशेला जातो. ‘डग-डग रोटी, पग-पग नीर’ म्हणून ज्या मालव्याचे वर्णन होत आले, त्याच्या जमिनीखालचे पाणी आता कोठे गेले, हे तुम्ही भाषण न करता येथे दाखवता. फक्त निकाल बदला. सध्या नारळ बरोबर ठरतो आणि अभियंता चूक. या निकालाने गावाची बाजू घेतल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात गावाला चमत्काराच्या कोपऱ्यात बसवले जाते. दोन्ही ठिकाणी खणा आणि दोन्ही ठिकाणी धूळ निघू द्या. खणण्याच्या यंत्राचे भाडे मात्र फुटाच्या हिशोबाने चढत राहते, तो आकडा मोठ्याने म्हणणारा यंत्रवाला हे छोटे पात्र येथे फार उपयोगी पडेल.

दिग्दर्शनाबद्दल थोडेच सांगतो, कारण संहिता नीट बसली की तुमची नजर पुरेशी चांगली आहे. नेपथ्यात पटेलांचा ओटला प्रेक्षकांच्या उजव्या हाताला पक्का असावा आणि दुसऱ्या बाजूला रिकामे शेत. प्रत्येक प्रवेशांतरात त्या शेतात कुंपणाचा एक खांब वाढू द्या. काळोखात हे काम गावकऱ्यांची भूमिका करणाऱ्या नटांनीच करावे, म्हणजे मजुरी कोणाला मिळाली हेही प्रेक्षक नकळत पाहतो. सुरुवातीला गावकरी शेतातून सरळ तिरके चालत ओटल्यावर येतात. खांब वाढतील तशी त्यांची वाट लांबत जाते, आणि दुसऱ्या अंकात म्हाताऱ्या काकांना संपूर्ण रंगमंचाला वळसा घालून यावे लागते. काकांच्या नटाला सांगा की तक्रार करायची नाही, फक्त चालायचे. प्रेक्षक पहिल्या वळशाला हसतील, तिसऱ्याला हसणार नाहीत. वेशभूषेत सगळ्यांना साफे बांधू नका. साफा एकट्या काकांच्या डोक्यावर राहू द्या, बाकीचे जसे आज दिसतात तसे दिसोत.

हशाच्या जागांबद्दल एक गोष्ट आवर्जून. हौशी नट हशा आला की तो संपेपर्यंत थांबतात, आणि मग प्रवेशाची गती पडते. हशा चढतीला असताना थांबा आणि उतरू लागताच, पूर्ण विरण्याआधी, पुढचे वाक्य उचला. तीन भाषांच्या नाटकात हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण मालवी वाक्यावर आधी मालवी जाणणारे हसतात आणि बाकीचे त्यांच्या मागोमाग. ही दुसरी लाट येऊ द्या. त्यासाठी मालवी वाक्यानंतर लगेच महत्त्वाची माहिती ठेवू नका. तेथे एखादी कृती ठेवा, चहा ओतणे, खाट सरकवणे.

काही गटांप्रमाणे तुम्हालाही माच या मालव्याच्या लोकनाट्याचा बाज आणायचा आहे, असे तुमच्या टिपणात दिसते. माचमध्ये आरंभी भिश्ती येऊन पाणी शिंपडतो आणि फर्रासन जाजम अंथरते, तो आरंभ मोहक आहे. तरीही या नाटकात तो घेऊ नये, असे मला वाटते. माचचा आवाज गाण्यातून येतो, त्याला वर्षानुवर्षे गळा तयार केलेले कलावंत लागतात, आणि तुमचे नाटक पैशांच्या, मोजणीच्या आणि गप्प राहण्याच्या प्रसंगांचे आहे. सजावटीसाठी घेतलेली लोककला त्या कलेचाही मान राखत नाही.

शेवटाकडे येतो. सध्या जोडप्याला पश्चात्ताप होतो, ते शेतघर गावाच्या शाळेला देतात आणि सगळे मिळून गातात. हे कोणाच्याही स्वभावातून आलेले नाही, म्हणूनच नटांना ते म्हणताना भाषण करावे लागते. सौदा पूर्ण होऊ द्या. थोरली बहीण सही करते, पण विहिरीकडचा चिंचेखालचा पट्टा स्वतःच्या नावावर ठेवून. जोडप्याच्या घराकडे जाणारी वाट त्याच पट्ट्यातून जाते. आता पुण्याच्या साहेबांना गाडी बाहेर काढायची असली की या बाईंना विचारावे लागेल, काकांचा वळसाही त्याच पट्ट्यातून कमी होईल, आणि ती माहेरी कायमची राहणार की नाही, हे ती कोणालाच सांगत नाही. शेवटचे वाक्य तिचे असावे आणि ते व्यवहाराचे असावे, वाटेच्या रुंदीबद्दल किंवा चिंचांच्या वाटणीबद्दल. त्यानंतर कोणतेही गाणे नको.

नवी संहिता तयार झाली की ती रंगीत तालमीच्या आधी, शक्यतो सोयाबीनची काढणी आटोपल्यावर, सांवेर किंवा देपालपूरकडच्या एखाद्या ओळखीच्या गावात ओट्यावर बसून वाचून दाखवा. पटवारी, बटांकन आणि बहिणीची सही या तीन जागी ऐकणारे काय म्हणतात ते लिहून घ्या आणि ते सांगतील त्याप्रमाणे तपशील दुरुस्त करा. दुसरा अंक पहिल्यापेक्षा लहान ठेवा. ओसरीवरच्या त्या दोघींच्या प्रवेशाचा पहिला खर्डा झाला की मला पाठवा, तो वाचायला मी उत्सुक आहे.